वाटणीत आलेलं शिसं

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं नंतर. यात माझं कर्तृत्व काही नाही, आईचे हाल मात्र पुष्कळ झाले. पण आमच्या नांदेडला काय किंवा मावशीच्या गावाला काय, पायाळू माणसाला एक मानाचा हुद्दा असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूनं तिथं लाथ मारायची, उसण पळते, असं लोक मानतात. शिवाय पायाळूच्या डोळ्यात सुरमा घातला तर त्याला जमिनीखालचं धन आणि पाणी दिसतं, असंही मानतात. माझे वडील शाळामास्तर, पक्के बौद्ध, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. ते म्हणायचे, "पाय सगळ्यांनाच असतात. आधी आले काय न् नंतर आले काय." पण वडील शाळेत गेले की मागच्या दाराशी कंबर धरून वाकलेली माणसं उभी राहायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चाकूरजवळ मावशीच्या गावी जायची. तिथं तर माझा दवाखानाच चालायचा. त्या गावात मावशीला विहिरीवर पोहरा लावायची मुभा नव्हती. तिनं लांब उभं राहायचं आणि गावातल्या एखाद्या बाईची मर्जी झाली की तिनं वरून मावशीच्या हंड्यात पाणी ओतायचं. त्याच बाईचा नवरा संध्याकाळी मावशीच्या अंगणात पालथा पडायचा आणि परकर नेसलेली मी त्याच्या कमरेत लाथ घालायची. आमचा हात चालत नव्हता, लाथ चालत होती. तेव्हा मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. लाथ मारायला मिळायची याचाच आनंद होता. आता आठवलं की हसूही येतं आणि डोकंही फिरतं.

पुढे मी भूगर्भशास्त्र शिकले. जमिनीच्या आत बघायचं तर नीट शिकून बघू, असा माझा हट्ट होता. वडिलांनी पेढे वाटले. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता आणि जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या एका छोट्या सरकारी ऑफिसात मला नोकरी लागली. ऑफिस म्हणजे डाळीच्या गिरणीमागच्या भाड्याच्या दोन खोल्या. फाईल उघडली की तिच्यातून तुरीचा भुसा उडायचा.

जिल्हा नवा झाला की आधी वाटणी होते. भावाभावांत भांड्यांची होते तशी. जुन्या जिल्ह्याच्या ऑफिसातलं सामान निम्मं आमच्याकडे यायचं होतं आणि ते आणायला आमचे भांडारपाल गेले होते. हे गृहस्थ लातूरच्याच एका जुन्या घरातले, सोवळ्यातले, अतिशय नेमके. खुर्च्या विषम निघाल्या तेव्हा उरलेली खुर्ची दोन्ही ऑफिसांनी आलटून पालटून सहा-सहा महिने वापरावी, असा तोडगा त्यांनी काढला होता, आणि ती खुर्ची खरोखरच एसटीच्या टपावरून ये-जा करायची. त्यांचा पाण्याचा तांब्या ऑफिसात वेगळा असे. तो ते स्वतः घासत, स्वतः भरत, आणि माझ्या टेबलाकडच्या बाजूला कधी ठेवत नसत. बोलायला मात्र गोड होते.

तर त्या जुन्या ऑफिसात काचेचं एक कपाट होतं आणि त्यात दगडांचे नमुने. ज्या जातीचे दोन दगड होते त्यातला एक-एक दोघांनी घेतला. अडलं ते गॅलिनापाशी. गॅलिना म्हणजे शिशाचं खनिज, शिसं आणि गंधक एकत्र आलेलं. दिसायला चांदीसारखं चकचकीत, उचलायला गेलं तर हात खाली ओढणारं. कुणा जुन्या साहेबांनी ते परदेशातल्या एका ज्वालामुखीच्या बेटावरून आणलं होतं, तेही तांब्याच्या खाणीतून. मराठवाड्यातल्या ऑफिसाला त्याचा उपयोग शून्य. आपली जमीनही ज्वालामुखीचीच, पण आपल्या वाट्याला नुसता काळा दगड आणि मुरूम आला. तरीही दोन्ही भांडारपाल त्या एका दगडावर अडून बसले. शेवटी आमच्या भांडारपालांनी छिन्नी लावली आणि हातोडा मारला. गॅलिनाचा स्वभावच असा, की ते फुटतं ते सरळ, चौकोनी, सुरीनं वडी कापावी तसं. निम्मं-निम्मं झालं. इतकी समसमान वाटणी अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कशाची झाली नसेल. आमचा अर्धा दगड भांडारपालांनी स्वतःच्या मांडीवर ठेवून आणला.

मग दुष्काळ आला. तो काही नवा नव्हता, नवा होता तो जिल्हा. हातपंपासाठी बोअर घ्यायचे होते आणि कुठल्या गावात कुठं घ्यायचे ते आमचं ऑफिस सांगणार होतं. साहेब पुण्याचे, तरुण, कामसू. मावशीच्या गावात मी आणि साहेब यंत्र घेऊन दिवसभर वायरी पसरत फिरलो. पाणी लागण्याजोगी जागा एकच निघाली, खाली ओढ्याच्या अंगाला, बौद्धवाड्याला लागून. मावशीच्या दारापासून हाक मारली तर ऐकू येईल इतकी जवळ. साहेबांनी तिथं खुंटी ठोकली. मी त्या रात्री मावशीकडे जेवले तेव्हा दोन भाकरी जास्त खाल्ल्या, इतका आनंद झाला होता. मावशीचं आयुष्य लांब उभं राहण्यात गेलं होतं. पंप तिच्या दारात आला तर ते एकदाचं संपलं असतं. मला त्या नोकरीतून दुसरं काही मिळालं नसतं तरी चाललं असतं.

आठवडाभरात सरपंच ऑफिसात हजर. बरोबर गावातली दोन म्हातारी माणसं. खुंटी त्यांनी उपटून पिशवीत घालून आणली होती.

"साहेब, मशिन बिघडलंय तुमचं," सरपंच म्हणाले.

"कशावरून?"

"खाली दाखवून राहिलंय. पाणी गावात पायजे, खाली कसं असंल?"

साहेबांनी वायरींचं, विजेचं, खडकांचं शास्त्र समजावून सांगितलं. तिघांनी मान डोलावली आणि पुन्हा तेच म्हणाले. साहेब थकले आणि थकले की ते कपाटापाशी जात. दगड दाखवून माणसं खूश होतात, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी गॅलिना बाहेर काढलं.

"हे बघा. याचाच पूर्वी सुरमा करायचे. समुद्रातल्या एका बेटावर तांब्याच्या खाणीत सापडलं हे. ज्वालामुखीच्या पोटातलं उकळतं पाणी खडकाच्या फटींतून वर आलं आणि त्याच्याबरोबर हे शिसं आलं."

सरपंचांनी दगड हातात घेतला. वजनानं ते किंचित वाकले. "म्हंजी पाण्यासंगं आलेला दगड हाय ह्यो."

"हो, तसं म्हणता येईल."

"मंग ह्याला पाण्याची वाट मालूम असंल."

साहेब काही बोलायच्या आत सरपंचांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आन् ह्या म्याडम तर पायाळू! साहेब, मी ह्यांची लाथ खाल्लेली हाय. तवापास्नं कंबर दुखली न्हाई. सुरम्याचा दगड तुमच्या कपाटात, पायाळू तुमच्या खुर्चीवर, आन् तुम्ही वायरी वढत फिरून राहिले?"

दोन्ही म्हाताऱ्यांना हे एकदम पटलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नोकरीच्या अर्जात ही पात्रता लपवून ठेवली होती.

मी चिडले. चार वर्षं कॉलेजात खडक फोडले, यंत्र शिकले, उन्हात वायरी ओढल्या, त्याला किंमत नाही, आणि आईच्या पोटातून मी कशी बाहेर पडले त्यावर बोअरची जागा ठरणार! मी साफ नाही म्हणाले. ते लोक चहा प्यायला गेले तेव्हा साहेब हळूच म्हणाले, "हे बघा, नाहीतर ते पाटलांच्या वाड्यापुढे खणायला लावतील आणि तिथं कोरडा दगड लागेल. तुम्ही चाला. फक्त आपल्याच खुंटीच्या जागेवर जाऊन थांबा." मला वडील आठवले आणि मावशी आठवली. वडिलांना नंतर समजावता आलं असतं. मी हो म्हणाले.

अट एकच घातली, की डोळ्यात शिसं घालणार नाही. ते विष असतं. यावर गावात बराच खल झाला. अंजन नाही तर दिसणार कसं? शेवटी एका म्हातारीनं निवाडा दिला, "गुण पायात हाय तर दगड पायालाच बांधा की!" सगळ्यांना वाटलं, हे आधीच कसं सुचलं नाही.

भांडारपालांनी दगड देताना माझी सही घेतली आणि बाळंतिणीला सांगावं तसं सांगितलं, "जपून. कोपरे उडता कामा नयेत."

ठरलेल्या दिवशी चावडीपुढे माझ्या उजव्या घोट्याला कांद्याच्या पोत्याच्या सुतळीनं तो दगड बांधला. अर्ध्या विटेएवढा, पण वजन असं की पाय उचलायचा म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागे. मी निघाले. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. मागे सगळं गाव, पुढे कुत्री, बाजूनं साहेब छत्री धरून. ऊन असं की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

पहिला थांबा पाटलांच्या वाड्यापुढे आला, म्हणजे लोकांनी आणला. पाटील स्वतः बाज टाकून बसले होते. "म्याडम, दमलात. बसा जरा. हितं जड लागून राहिलंय का?"

"सगळीकडे सारखंच जड आहे," मी म्हणाले.

"न्हाई, पण हितं जरा जास्त असंल. चहा घ्या, मंग लागंल जड."

तिथून सुटले तर किराणा दुकानदारानं बिस्किटाचा पुडा पुढे केला. त्याच्या दुकानापुढे मी अडखळले तर "थांबल्या! थांबल्या!" असा गलका झाला. त्याच्या समोरच्या घरवाल्यानं लगेच तक्रार केली, की म्याडम थांबल्या नाहीत, ठेच लागली. दोघांची जुंपली. ठेच आणि थांबणं यात फरक काय, यावर गावानं माझं मत विचारलं. मी ठेच असल्याचं सांगितलं आणि पाय ओढत पुढे गेले. देवळापुढे पुजाऱ्यानं सुतळी सोडून पुन्हा बांधायला लावली, कारण गाठ उलटी होती म्हणे. सुतळीनं माझी कातडी सोलली होती, आणि मला मनापासून वाटत होतं की या सगळ्यांना एकेक लाथ घालावी, तीही दगडासकट.

उताराला लागले तसा मागचा आवाज कमी झाला. लोकांना दिसत होतं मी कुठं निघाले ते. सरपंच दोनदा म्हणाले, "म्याडम, वळा की, खाली काय हाय?" मी वळले नाही. खुंटीच्या भोकापाशी आले आणि मला काही नाटक करावंच लागलं नाही. पाय पुढे जाईना. मी मटकन खाली बसले.

गाव भोवती गोळा झालं. मग तीच म्हातारी म्हणाली, "दगुड बसला. आता बोलायचं काम न्हाई." यंत्राचं त्यांनी ऐकलं नसतं, माझंही ऐकलं नसतं, पण दगडापुढे त्यांचा इलाज चालला नाही.

बोअरची गाडी आली. आधी पांढरी भुकटी उडाली, मग काळी, मग ओला चिखल आला आणि मग पाण्याचा असा फवारा आला की साहेबांचा चष्मा उडाला. पोरंसोरं चिखलात लोळली. साहेब ओरडून सांगत होते, "यंत्रानं दाखवलेलीच जागा आहे ही!" पण कुणी ऐकत नव्हतं. गाव दगडाला खांद्यावर घेऊन वाजतगाजत मिरवायला निघालं. मावशी माझ्या घोट्याला हळद लावत होती आणि रडत होती, मीही रडत होते. दगड परत मागून घ्यायचं आम्हाला कुणालाच भान राहिलं नाही.

महिन्याभरानं मी पुन्हा गावी गेले. पंप बसला होता. पंपाला खेटून सिमेंटचा एक ओटा बांधला होता आणि ओट्यावर गॅलिना विराजमान होतं, शेंदरानं लालभडक, पुढे नारळ. देव झाला होता. नाव काय ठेवायचं यावर गावात दोन तट पडले होते, म्हणून देव तूर्त बिननावाचाच होता. त्याच्या भोवती चुन्याची रेघ मारलेली होती आणि पंप त्या रेघेच्या आत येत होता. रेघेच्या बाहेर, स्वतःच्या दारापुढे, मावशी रिकामा हंडा घेऊन उभी होती.

"मावशे, हे काय?"

"देव हाय म्हणे. आमी शिवलं तर इटाळ होतो त्येला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पयली हिरीवर लांब उभी ऱ्हायची, आता दारातल्या दारात उभी ऱ्हाते. तेवढी चाल वाचली बघ."

वरच्या आळीतली एक बाई पंप हापसून स्वतःचा हंडा भरत होती. तिचं झालं की मर्जीनुसार ती मावशीच्या हंड्यात ओतणार होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या दगडाला मी पायात बांधून, रक्त काढून तिथवर ओढत आणलं, तोच आता माझ्या मावशीच्या शिवण्यानं बाटत होता. मी सरपंचांना वाटेल ते बोलले. ते म्हणाले, "म्याडम, देवाफुडं माझं काय चालतंय?" मी तक्रार दिली. जिल्हा नवा, टेबलं नवी, तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. साहेब म्हणाले, वाईट आहे, पण आपलं काम पाणी काढून देण्याचं. मावशी म्हणाली, "तू भांड, खुशाल भांड. पर आजचं पाणी मला तीच बाई घालणार हाय, तिला वंगाळ बोलू नको."

शेवटी मी नुसतीच चरफडत ऑफिसात बसले होते तेव्हा भांडारपाल आले. वर्षाची मोजदाद जवळ आली होती. "बाई, तो नमुना अजून परत आला नाही."

"नाही यायचा. तो देव झाला."

"कोण झाला?"

मी सगळं सांगितलं. ओटा, रेघ, मावशी, सगळं. ते लक्षपूर्वक ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला आणि मला क्षणभर वाटलं, या माणसाला मावशीचं दुःख पोचलं.

"शेंदूर लावला?" ते म्हणाले. "नमुन्याला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घेऊन ते आणि मी गावात हजर. जीपमध्ये रॉकेलचा डबा, चिंध्या आणि घासायचा ब्रश. भांडारपालांनी चपला काढल्या, रेघेच्या आत गेले, दोन्ही हात जोडून मनोभावे नमस्कार केला, आणि मग देवाला कमरेत धरून उचललं. गाव धावून आलं.

"अवो, देव हाय त्यो!" सरपंच ओरडले.

"असेल. मीही नमस्कार केला. पण हे सरकारी सामान आहे."

"ह्योच तुमचा दगड कशावरनं? आमचा सवयंभू हाय."

भांडारपालांनी देव उलटा केला. शेंदराखालून ती सरळ, गुळगुळीत, कापलेली बाजू चमकली. "ही बाजू मी फोडलेली आहे. स्वयंभू देवाची दुसरी बाजू जुन्या जिल्ह्यात आहे. तिथं जाऊन खात्री करा."

अर्धा देव दुसऱ्या जिल्ह्यात आहे हे ऐकून लोक जरा चपापले. पण पाटील हटेनात. "आसं कसं नेता देवाला?"

"जीपमधून," भांडारपाल म्हणाले.

तरणी पोरं जीपला आडवी झाली. भांडारपाल घाबरले नाहीत. त्यांनी देव काखेत धरला, मोकळ्या हातानं पंपाचा दांडा वर-खाली करून बघितला आणि सहज म्हणाले, "हा पंपही आमच्याच सामानात मोडतो बरं का. तो इथं ठीक राहत नसेल, भांडणं होत असतील, तर तोही काढून नेता येतो. मला पान्हा आणावा लागेल, एवढंच."

 वरच्या आळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायला लागल्या. त्या बघण्यात असं काही होतं की पोरं आधी जीपपुढून बाजूला झाली, मग पाटील झाले. भांडारपाल जीपमध्ये बसले, मांडीवर चिंधी पसरली, तिच्यावर दगड ठेवला आणि रॉकेलनं शेंदूर पुसायला लागले. बाहेर काय चाललंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. दगडाचा एक कोपरा उडाला होता आणि ते त्याचंच दुःख करत होते.

पंपाभोवती सगळे उभे होते. ओटा रिकामा होता. नुसताच ओटा म्हणजे देव की नाही, याचा गावानं अजून विचार केलेला नव्हता. पुजारी तोंड उघडणार इतक्यात मावशी रेघ ओलांडून आत गेली. तिनं हंडा पंपाखाली लावला आणि हापसायला लागली. दांडा कुरकुरत होता. हंडा काठोकाठ भरला. साठीच्या बाईला भरलेला हंडा जमिनीवरून एका दमात डोक्यावर घेता येत नाही. तिनं तो आधी उचलून ओट्यावर ठेवला, शेंदराच्या डागावर, आणि दम खात कंबर सरळ केली. मग ओट्याची उंची हातानं चाचपून बघितली.

"कोण गवंडी हुता रे?" तिनं सरपंचांना विचारलं. "लई नेमका माझ्या कमरेच्या मापाचा बांधलाय."